यादी उलटी करा : सीमाभागातल्या मराठी वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सभासद,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि सीमाभागातली गावोगावची मराठी वाचनालयं

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आमच्या वाचनालयातलं वर्तमानपत्रांच्या फायलींचं लोखंडी कपाट झाडायला काढलं. खालच्या फळीवर तांबूस भुसा साचला होता, दोन ओंजळी भरतील एवढा. शिपाईमामा म्हणाले, "बाई, वाळवी लागलीया बगा." मी चिमूटभर बोटावर घेतला आणि खिडकीशी जाऊन पाहिला. वाळवीची माती नव्हती. कसरीनं पाडलेली पूडही नव्हती, ती याहून बारीक असते. कागदाचेच कपचे होते, नखाएवढे, काचेसारखे तुटलेले. एकावर 'बेळगा' अशी तीन अक्षरं होती. 'व' दुसऱ्या कुठल्या तरी कपच्यावर गेला असणार. मामांनी केरसुणी उचललीच होती, त्यांना थांबवलं आणि तो सगळा भुसा एका रिकाम्या बरणीत भरून घरी आणला.

हे पत्र त्या बरणीबद्दल आहे आणि तुम्ही केलेल्या एका यादीबद्दल.

मी खानापूर तालुक्यात 31 वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. वाचनालयाची आजीव सभासद आहे. ग्रंथपाल नाही, संवर्धनाचं प्रशिक्षणही घेतलेलं नाही. पण कागद का तुटतो हे समजायला नववी-दहावीचं रसायनशास्त्र बरंच पुरतं, आणि ते मला येतं.

सध्या आपल्या भागात बऱ्याच वाचनालयांत एकच विषय चालू आहे. जुना संग्रह स्कॅन करायचा आणि जमेल तेवढा लॅमिनेट करून घ्यायचा. देणगीदार पुढं येतायत, ही चांगली गोष्ट आहे. आमच्या सर्वसाधारण सभेत जी यादी वाचून दाखवली ती सालवार होती. 1900 च्या आधीची पुस्तकं पहिल्यांदा, मग 1920 पर्यंतची, मग पुढची. वर्तमानपत्रांच्या फायली, संमेलनांचे अहवाल, हँडबिलं, स्मरणिका यांचा नंबर शेवटच्या पानावर, तोही 'निधी उरल्यास' असा शेरा मारून. दोन-तीन वाचनालयांतल्या ओळखीच्या लोकांना विचारलं. त्यांच्याकडेही हाच हिशेब. जुनं म्हणजे नाजूक, नाजूक म्हणजे आधी.

हा हिशेब कागदाला मान्य नाही. कागद साल बघून मरत नाही, कशाचा केलाय ते बघून मरतो.

माझ्या सासरी एक रुमाल आहे. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर. त्यात पेशवाईअखेरचे मोडी कागद आहेत, इनामाच्या तंट्याचे. हातकागद, खळ लावून दगडानं घोटलेला, वर काजळाची शाई. कसरीनं त्याची चाळण केलीय, पण भोकं सोडून जो कागद उरलाय तो आजही कापडासारखा दुमडतो. वाजतोसुद्धा, खडखडीत. आणि आमच्या वाचनालयातली 1957 ची फाइल उचलली की हातात कडा येते आणि पान फळीवर राहतं. दीडशे वर्षांनी धाकटा कागद आधी म्हातारा झालाय. जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद ज्यांनी हाताळलाय त्यांना हे सांगायला नको.

असं का होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कागद म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजचे मणी एकापुढं एक ओवलेल्या लांबलचक माळा, आणि त्या माळा एकमेकींना बिलगून झालेले तंतू. चिंध्यांपासून केलेल्या सुती कागदात एकेका माळेत काही हजार मणी असतात. दोन मण्यांमधला दुवा आम्ल असेल तिथं पाण्याच्या रेणूनं तुटतो. यात आम्ल खर्ची पडत नाही. एक दुवा तोडला की ते पुढच्या दुव्याला मोकळं. शाळेत याला आपण उत्प्रेरक म्हणतो.

आता खरी खुबी. आम्ल माळ टोकाकडून कुरतडत नाही. मध्येच कुठंही तोडतं. हजार मण्यांची माळ अधेमधे एकदा तुटली की पाचशे-पाचशेच्या दोन झाल्या. पुन्हा एकेक घाव बसला की अडीचशेच्या चार. म्हणजे हजारातले फक्त तीन दुवे गेले, पण माळ चौथाईवर आली. आणि सरासरी दोनशेच्या आसपास आली की तो कागद हाताळण्याच्या लायकीचा राहत नाही. या सगळ्यात कागदाचं वजन कमी होत नाही, अक्षर पुसट होत नाही, फाइल कपाटात दिसायला जशीच्या तशी. म्हणून वीस-पंचवीस वर्षं ग्रंथपाल सांगतात, "पिवळा पडलाय, पण चांगला आहे." ते खोटं बोलत नसतात. मग एका पावसाळ्यानंतर तोच कागद कोपरा दुमडताच पापडासारखा मोडतो. शिवाय सेल्युलोज मोडताना त्यातूनच फॉर्मिक, ॲसेटिक अशी नवी आम्लं तयार होतात. विरजणासारखं आहे हे. एकदा लागलं की आपलं आपण वाढतं.

मुळात आम्ल आलं कुठून? तुरटीतून. शाई फुटू नये म्हणून कागदाला काहीतरी लावावं लागतं. आपल्याकडे खळ होती, युरोपात प्राण्यांचं सरस. 1807 साली जर्मनीत मोरित्झ इलिग नावाच्या माणसानं लगद्यातच राळ आणि तुरटी घालायची युक्ती प्रसिद्ध केली. स्वस्त आणि सोपी, यंत्रावर चालणारी. गिरण्यांची तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. दाढीनंतर लावायच्या तुरटीची सख्खी बहीण. कागदात जो हवेतला ओलावा असतो त्यात ती आम्ल तयार करत राहते, वर्षानुवर्षं. मग 1840 च्या दशकात, जर्मनीतच, लाकूड दगडावर भरडून लगदा करायची पद्धत निघाली. त्या लगद्यात सेल्युलोजबरोबर लाकडातलं लिग्निन तसंच राहतं. उन्हात ठेवलेला पेपर दोन दिवसांत पिवळा पडतो तो लिग्निनमुळे. जुन्या पुस्तकांना येणारा गोडसर वासही काही अंशी त्याचाच, लिग्निन मोडून व्हॅनिलिन तयार होतं. वाचकाला तो वास आवडतो. मलाही आवडतो. पण तो कागद झिजत असल्याचा वास आहे.

वर्तमानपत्राच्या कागदात तुरटी आणि भरडलेलं लाकूड दोन्ही नांदतात, कारण तो कागद एका दिवसासाठीच केलेला असतो. आणि आपला विसाव्या शतकातला इतिहास नेमका त्या कागदावर आहे. एप्रिल 1916 मध्ये टिळकांची होमरूल लीग बेळगावात स्थापन झाली, 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथं भरलं, 1946 ला माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. मोठ्या घटनांची मोठी पुस्तकं पुण्या-मुंबईत आहेत, ती कुठं जात नाहीत. पण स्वागत समितीचं हँडबिल, भोजनाच्या पासाचा तुकडा, गल्लीतल्या सभेचं पत्रक? 1 नोव्हेंबर 1956 नंतरच्या निषेधसभांची बोलावणी? 1967 मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आल्यावर गावोगावी निघालेली पत्रकं? 1981 च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनातले कागद? बाबुराव ठाकुरांनी 1919 साली बेळगावात सुरू केलेल्या 'तरुण भारत'चे जुने अंक? यांतलं बरंचसं असलंच तर आपल्या कपाटांत आहे. नाटक कंपन्यांच्या जाहिराती, जत्रेची पत्रकं, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल यांना तर दुसरं घरच नाही. आपण यांनाच शेवटच्या पानावर टाकलंय, 'निधी उरल्यास'.

आता बरणीकडे येते.

नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये म्हणून मी भुशाचा पीएच काढायचं ठरवलं. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, सातच्या खाली जितका आकडा उतरेल तितकं आम्ल जास्त. कागदाच्या प्रयोगशाळांची एक रूढ पद्धत आहे. एक ग्रॅम कागदाचे बारीक तुकडे, 70 मिलिलिटर शुद्ध पाणी, एक तास भिजत ठेवायचं आणि पाण्याचा पीएच मोजायचा. एक ग्रॅम तोलायला ओळखीच्या सराफाकडे गेले. तो म्हणाला, "बाई, सोनं झाडून आणलंय काय?" गॅरेजातून बॅटरीत घालायचं पाणी आणलं आणि उकळून, झाकून गार केलं. उकळणं महत्त्वाचं. शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आपणच थोडं आंबट होतं, त्याचा पीएच साडेपाचच्या आसपास येतो, आणि मग आपण कागदाला दोष देत बसतो. खिशात मावणारा मीटर माझ्याकडे होताच. तो 4 आणि 7 च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर, जुळवून घेतला.

भुशाचा आकडा आला 4.3. मग तुलनेसाठी घरच्या एका शिळाप्रेसच्या पोथीचं शेवटचं कोरं पान बळी दिलं. माझीच पोथी, माझंच पान, तेव्हा कुणी रागावू नये. ते 6.6 आलं. मीटर स्वस्तातला आहे, दशांशावर मी पैज लावणार नाही. पण पीएचचा एक आकडा म्हणजे दहा पट, हे लक्षात घेतलं तर या दोन कागदांच्या आम्लतेत सुमारे दोनशे पटींचा फरक होता. आणि पोथीचा कागद वयानं कितीतरी मोठा.

दुसरी चाचणी लिग्निनची. फ्लोरोग्लुसिनॉल नावाचा पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर कागदावर थेंब टाकला की भरडलेल्या लाकडाचा कागद गुलाबी-लाल होतो. भुशाच्या एका कपच्यावर थेंब पडला आणि बघता बघता गुलाल टाकल्यासारखा रंग चढला. पोथीच्या पानावर काही नाही, ओला डाग तेवढा. ही चाचणी फक्त सुट्या कपच्यांवर करायची. तीव्र आम्ल अख्ख्या पानावर टाकणं म्हणजे रोग्याचं निदान करण्यासाठी त्याला विष पाजणं.

कुणीतरी विचारेल म्हणून सांगते, हळदीनं हे काम होत नाही. हळद चुना ओळखते, लाल होते. कुंकू तसंच करतात. आम्लात मात्र ती पिवळीच राहते. जास्वंदीच्या फुलाचा कागद शाळेत ठीक आहे, पण साडेचार आणि सहा यातला फरक त्यावर नेमका वाचता येत नाही. कागदावर रेघ ओढून बघायचे पीएच पेन मिळतात, त्यात बहुधा क्लोरोफिनॉल रेड असतं. रेघ जांभळी राहिली तर कागद ठीक, पिवळी पडली तर आम्लधर्मी. पण तो डाग कायमचा राहतो. दुर्मिळ पानावर नाही, नव्यानं विकत घेतलेल्या पुठ्ठ्यावर आणि वेष्टनाच्या कागदावर तो वापरा.

आता लॅमिनेशन. इथं मी स्वतःचं पाप सांगते, म्हणजे कुणाला उपदेश वाटणार नाही. माझ्या वडिलांनी जपलेलं सीमाप्रश्नाच्या सभेचं एक हँडबिल होतं. साधारण पंधरा वर्षांपूर्वी मी ते बेळगावात एका झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट केलं. दुकानदाराचा काही दोष नाही, मीच सांगितलं होतं. गरम रुळांतून ते बाहेर आलं तेव्हा इतकं छान दिसलं की मी भिंतीवर लावलं. आज त्या प्लास्टिकमध्ये चहाच्या रंगाचा कागद आहे आणि जुन्या घडीच्या रेषेवर तो आतल्या आत तुटलाय. बाहेर काढता येत नाही, कारण चिकट थर वितळून तंतूंत शिरलाय. त्याच हँडबिलाची दुसरी प्रत माझ्या आत्यानं ट्रंकेत, जुन्या धुतलेल्या धोतराच्या फडक्यात ठेवली होती. तीही पिवळी आहे, पण अख्खी आहे. दोन कागदांचा प्रयोग हा प्रयोग नव्हे, हे मीच मुलांना शिकवत आले. आत्याच्या ट्रंकेत अंधार होता आणि माझ्या भिंतीवर ऊन, हाही फरक आहेच. पण आम्ल न काढता कागद प्लास्टिकमध्ये बंद केला तर आतच तयार होणाऱ्या आम्लांना बाहेर जायला वाट राहत नाही आणि कागद लवकर झिजतो, हे परदेशांतल्या मोठ्या ग्रंथालयांच्या प्रयोगशाळांनी तपासून सांगितलेलं आहे. माझं हँडबिल त्याचा एक नमुना, एवढंच.

लॅमिनेशन म्हटलं की कुणीतरी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं नाव घेतं. तिथं विकसित झालेली पद्धत वेगळी होती. सेल्युलोज ॲसेटेटचा पातळ पापुद्रा आणि झिरझिरीत टिश्यू कागद, ॲसिटोननं हातानं चिकटवायचं. यंत्र नको, वीज नको, म्हणून ती जगभर वाखाणली गेली. त्या काळात ती हुशारीच होती. पण ॲसेटेट स्वतःच पुढं मोडतं आणि व्हिनेगरचा वास सोडतं, म्हणून आता संवर्धक तिकडं वळत नाहीत. कुठल्या जुन्या दप्तराला असा आंबट वास येत असेल तर ते बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

तुम्ही ज्यांच्याकडून फायली बांधून घेता त्यांच्याशीही एकदा बोला. आमचे बांधणीवाले काका पिढीजात कारागीर आहेत, शिवण अशी घालतात की बघत राहावं. पण खळ शिजवताना ते त्यात मोरचूद घालतात. कसर लागत नाही म्हणून, आणि खरंच लागत नाही. फक्त मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते आम्लधर्मी आहे, आणि त्यातलं तांबं कागदाच्या ऑक्सिडीकरणाला हातभार लावतं. काही ठिकाणी खळ टिकावी म्हणून तुरटीही घालतात, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. फायलींच्या कण्याशी जो गडद पट्टा दिसतो त्यात कुठं कुठं या खळीचा वाटा असू शकतो. मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग बाई, कसर लागली की तुमीच या हितं मारायला." त्यांचंही चूक नाही. साधी खळ आणि वर्षातून दोनदा झाडलोट, एवढ्यावर आमची तडजोड झालीय.

हवामानाचा विचार आपल्याकडे कुणी करत नाही, तो करावा लागेल. दुवा तोडायला आम्लाला पाणी लागतं, आणि खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर पाण्याला तोटा नसतो. आपण काय करतो, तर लोखंडी कपाट डांबरगोळ्या टाकून घट्ट बंद करतो आणि पश्चिमेच्या भिंतीला लावतो. ज्या भिंतीवर चार महिने पाऊस आदळतो तिलाच. डांबरगोळ्या कसरीला पळवतील, आम्लाला त्यांचं काही देणंघेणं नाही. उरलेल्या फायली माडीवर पत्र्याखाली. ढोबळ मानानं तापमान पाच अंशांनी उतरलं तर कागदाचं आयुष्य दुपटीच्या घरात जातं. बेळगावची हवा मुळात थंड, ही आपली पुण्याई आहे आणि ती आपण एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली घालवतो. फायली खालच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर पुढं ओढून आणि कपाटाची दारं कोरड्या दिवशी उघडून ठेवली तर एक रुपया लागत नाही. फक्त चार माणसं आणि एक रविवार लागतो.

आम्ल काढूनच टाकता येत नाही का? येतं. मूळ तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातलं आहे, चुन्याची निवळी. अमेरिकेत विल्यम बॅरो नावाच्या संवर्धकानं कागद आधी चुन्याच्या निवळीत आणि मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात बुडवायची पद्धत रूढ केली. आम्ल मरतं आणि वर थोडा खडू कागदात शिल्लक राहतो, पुढं होणाऱ्या आम्लाची सोय म्हणून. पण कृपा करून घरी बादलीत निवळी करू नका. शाई फुटते, वाचनालयाचा जांभळा शिक्का तर पहिल्यांदा पसरतो. भरडलेल्या लाकडाचा कागद तीव्र अल्कलीत आणखी पिवळा पडतो. आणि भिजलेली जीर्ण फाइल उचलणं म्हणजे दुधावरची साय बोटानं उचलणं. आपल्याकडे अमोनियाच्या वाफेचाही प्रयोग होत असे. त्यानं आम्ल तात्पुरतं शमतं, पण मागं खडू राहत नाही, काही काळानं पहिले पाढे पंचावन्न. परदेशांत मॅग्नेशियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड द्रवात मिसळून अख्खी पुस्तकं त्यात बुडवतात, आणि शाईला धक्का लागत नाही. महागडं काम आहे. मोठ्यांचीही फजिती होते बरं का. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयानं डायइथिल झिंकची वाफ देऊन लाखो पुस्तकं एकदम निर्धोक करायचा घाट घातला होता. तो पदार्थ हवेशी गाठ पडताच पेट घेतो. नासाच्या केंद्रात चाचण्या चालू असताना 1985-86 च्या सुमारास आग लागली आणि ती चाचणी यंत्रणाच मोडीत काढावी लागली.

आणि यातल्या कुठल्याही उपायानं तुटलेली माळ परत ओवली जात नाही. पुढची मोडतोड मंदावते, बस्स. म्हणून स्कॅनिंगला माझा विरोध नाही, उलट ते लवकर व्हावं. मोडायच्या बेतात आलेल्या पानासाठी तोच एक मार्ग उरतो. पण मग रांग बदला.

माझी सूचना अशी. एकही पान स्कॅनरवर जाण्याआधी संग्रहाची पाहणी करा. प्रत्येक कपाटातून शंभरेक नग नेम न धरता उचला. चांगले दिसणारे निवडू नका, माणसाचा हात आपोआप चांगल्याकडे जातो. प्रत्येकाचं साल, कागदाचा रंग कडेला आणि मध्यावर, बांधणी कशी आहे, आणि तळाशी भुसा पडलाय का, एवढं वहीत लिहा. सुटे कपचे मिळाले तर पीएच आणि लिग्निन. ज्याच्या जास्त प्रती आहेत अशा पुस्तकाचा कोपरा पुढं-मागं दुमडून बघा. दोन-तीन घड्यांत तुटला तर त्या जातीच्या कागदाचे दिवस भरले. आणि शेजारी एक रकाना ठेवा: ही वस्तू दुसरीकडे कुठं आहे का? या दोन गोष्टींवर, कागद किती दिवस टिकणार आणि दुसरी प्रत आहे का, रांग लागली पाहिजे. माझा अंदाज आहे की पाहणीनंतर तुमच्या यादीचं शेवटचं पान पहिलं होईल. सगळी जुनी पुस्तकं सुरक्षित असं मी म्हणत नाही. 1880-90 नंतरच्या काही पुस्तकांत लाकडाचा कागद सापडेलच. म्हणून तर तपासायचं.

हे काम करायला तज्ज्ञ आणायची गरज नाही. बेळगावात जीएसएससारखी विज्ञान महाविद्यालयं आहेत, तिथं रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांना दरवर्षी प्रकल्प शोधावे लागतात. दरवर्षी साबणाचा नाहीतर पाण्याच्या कठीणपणाचा प्रकल्प करण्यापेक्षा आपल्या आजोबांच्या काळचे कागद तपासलेले काय वाईट? प्रत्यक्ष उपचाराची वेळ आली तर मात्र तज्ज्ञच हवेत. लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळेची म्हैसूरला शाखा आहे, पत्र तिकडं पाठवता येईल. कन्नडमधून लिहिलं तरी चालेल, इंग्रजीतून लिहिलं तरी चालेल. कागदाला सीमाप्रश्न नाही.

स्कॅन करणाऱ्या ठेकेदाराला एक अट घाला. बांधलेली फाइल सपाट काचेवर पालथी दाबायची नाही. ती काटकोनापेक्षा थोडी जास्त उघडेल अशा लाकडी पाळण्यात ठेवून वरून कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचे. पाळणा आपला सुतार करून देईल. हँडबिलांसाठी पॉलिस्टरचे पारदर्शक पाकीट, दोन बाजू उघड्या, पाठीमागे खडूयुक्त कागद. चिकटवायचं काही नाही. सेलोटेप तर वाचनालयाच्या टेबलावरूनच हद्दपार करा. तिचा चिकटपणा कागदात झिरपतो आणि तपकिरी डाग उरतो, टेप केव्हाच गळून पडलेली असते. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ प्रत रद्दीत नाही. आमच्या सभेत हे वाक्य कुणीतरी सहज बोलून गेलं, इतिवृत्तात आलं नाही, म्हणून इथं लिहितेय. पानाचा फोटो अक्षरं दाखवतो. कागदात तुरटी होती की नव्हती, हँडबिल कुठल्या प्रतीच्या कागदावर निघालं, म्हणजे छापणाऱ्याच्या खिशात किती पैसे होते, हे फोटोला विचारता येत नाही.

जाता जाता आणखी एक. शताब्दी, सुवर्णमहोत्सव यांच्या स्मरणिका आपण छापतोच. टिकाऊ कागदासाठी 1994 पासून आयएसओ 9706 हे मानक आहे. त्यात पीएच 7.5 ते 10 आणि किमान 2 टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कलीचा साठा मागितलाय. छापखान्याला आर्ट पेपरची चमक विचारण्याऐवजी हे विचारा. उत्तर आलं नाही तर कागदाचा एक कपटा आणून त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. बुडबुडे आले तर खडू आहे.

पुढच्या महिन्यात आमच्या कार्यकारी मंडळाची बैठक आहे, मी बरणी घेऊन येणार आहे. इतर वाचनालयांनी बोलावलं तर तिकडंही येईन. मीटर माझा, पाणी माझं, एसटीचं भाडंही माझं. तोपर्यंत एकच करा. कपाटाच्या तळाचा भुसा झाडून टाकू नका, कागदाच्या पुडीत बांधून वर कपाटाचा नंबर लिहून ठेवा. आमच्या मामांनी आता केरसुणीला सुतळीनं एक पाटी बांधलीय: 'बाईंना विचारल्याशिवाय झाडू नये.'

आपली,
एक आजीव सभासद
खानापूर